न बोलावलेली सावड

ज्येष्ठ वद्य १२, शुक्रवार, सन १९३८

मी लिहायला बसले आहे कारण मी बोलणं बंद केलं आहे. घरात नव्हे. घरात बोलावंच लागतं, नाहीतर आमचे घरधनी दिवसभर पडवीत दोर वळत बसतील. गावाशी बोलणं बंद. पण तोंड मिटलं म्हणून डोक्यात येणारं थांबत नाही. मुरबाडला माझा भाऊ शाळेत शिपाई आहे, त्यानं मागे कोरे कागद शिवून वही दिली होती आणि एक शिसपेन्सिल. म्हणाला, ठमे, दोन यत्ता शिकलीस ती अक्षरं गंजवू नकोस. वही तांदळाच्या कणगीमागे पडून होती. आज काढली.

काय झालं ते लिहिते. आमच्याकडे भाताची लावणी एका घराच्या माणसांनी होत नाही. आज गावातल्या बाया माझ्या शेतात, उद्या मी त्यांच्या शेतात. ह्याला सावड म्हणतात. ज्याचं शेत त्याच्या घरची दुपारची भाकर. गेल्या वर्षी माझ्या शेतात लावणी चालू होती. मी बांधावरून सांगत होते, चूड बारीक घ्या, चारच काड्यांची, मुळं वाकवू नका, हात चालवा. सांगायला नको? शेत माझं. तर ही हिराबाई, माझ्या शेजारची, गाणं म्हणता म्हणता मध्येच नवीन कडवं घालते:

ठमीच्या शेतात लावणी हाय,
चिखल मऊ गो, मालकीण नाय!

सगळ्या वाकलेल्या बाया तशाच वाकून हसल्या. आमचे घरधनी औताच्या मागे हसले. बैलसुद्धा थांबले.

तेही मी गिळलं. पण ह्या आठवड्यात विहिरीवर बारकूची नवी बायको पारू रहाट ओढताना तेच गुणगुणत होती. ती तर माघ महिन्यात लग्न होऊन आली. म्हणजे सुनांना हे गाणं शिकवतात! मी हंडा खाली ठेवला आणि सांगितलं, "यंदा माझ्या शेतात कुणी पाऊल टाकू नका. मीपण कुणाच्या येनार नाय. माझी सावड संपली."

हिरी म्हणाली, "आनि लावनी?"

"माझं हात हायेत."

"हायेत गो. दोनच हायेत."

पुन्हा हसल्या. मी हंडा अर्धाच भरून आणला.

दुसऱ्याच्या आधारावाचून जगतो तोच माणूस ताठ जगतो. हे मी वहीच्या कोऱ्या सोडलेल्या पहिल्या पानावरही मोठ्या अक्षरांत लिहून ठेवते, म्हणजे ध्यानात राहील.

आषाढ शुद्ध १, मंगळवार

घरधन्यांना सगळं सांगितलं. ऐकून म्हणाले, "बरं." दुसऱ्या कुणी एवढ्यावर भांडण केलं असतं, की खुळी का तू, दोघांनी एवढं शेत कसं लावायचं. हे म्हणाले "बरं" आणि तंबाखू मळायला लागले. ह्यांचं मला आवडतं. पण कधी कधी "बरं" म्हणजे काय ते कळत नाही.

रोप छान आहे. रोप वाढवायचा तुकडा, म्हणजे राब, चांगला भाजला होता, शेण आणि पाला दोन्ही भरपूर घातलं. हिरवंगार, वीतभर वर आलंय. गावातली म्हातारी गोदूआजी काठी टेकत बांधावर येऊन उभी राहिली. मी बोलले नाही. ती म्हणाली, "रोप बघाया आले, तुला बघाया नाय." मग बोलावं लागलं. म्हणाली, "रोप वाट बघत नाय गो ठमे. पेर धरलं, काडीत गाठ आली म्हंजे ते रोप नाय, गवत." मी म्हटलं, "मला ठावं हाय." म्हातारी माणसं दुसऱ्याला ठाऊक असलेलंच सांगतात. नवीन काही सांगता येत नाही म्हणून.

आषाढ शुद्ध ६, रविवार

आज डोकं फिरलं.

घरधनी सकाळी वरच्या खाचरात बांध घालायला गेले आणि भाकर घरी विसरले. आजवर कधी विसरले नाहीत. जाताना एवढं सांगून गेले होते, "वरच्या वाटेला पाय रुततो. काय लागलं तर खालच्या वाटनी ये." म्हणून भाकर घेऊन खालच्या वाटेनं निघाले. ती वाट बारकूच्या शेताला लागून जाते. तिथे लावणी चालली होती. मी मान खाली घालून चालले होते. खाली बघायचंच ठरवलं होतं, आणि खालीच तर दिसलं. वाटेकडच्या पट्ट्यात रोपं पाण्यावर तरंगत होती! लावलेली नव्हेत, नुसती ठेवलेली. एकेक चूड अशी जाड, जणू गवताची पेंढी. मध्ये दोन हातांचं अंतर सोडलेलं, म्हातारीच्या दातांसारखं.

मी थांबले. म्हटलं, आपलं शेत नव्हे, चल पुढे. दोन पावलं गेलेसुद्धा. पण रोप मरताना बघून पुढं जाईल ती बाई कसली? डोक्यावरचं इरलं बांधावर ठेवलं, लुगडं खोचलं आणि उतरले.

"ह्यो कुनाचा हात?"

पारू म्हणाली, "माझा, काकू."

"तुझ्या आईनं तुला काय शिकवलं? चार काड्या घे. अंगठा खाली. असा. बोटभर खोल, आनि वर दाब. सोडलीस की पळते ती. पोराला निजवताना हात काडतेस का एकदम?"

"मला पोर कुठं हाय अजून?"

बाया फिदीफिदी हसल्या. मला हसायला वेळ नव्हता. तो सगळा पट्टा उपटला आणि पुन्हा लावला. दुपार झाली. भाकर मांडली तेव्हा पारूची सासू म्हणाली, "ठमाबाय, बस." मी म्हटलं, "मी सावडीला आले नाय. शिकवाया आले. भाकर खाल्ली तर सावड होते." पाय धुतले आणि निघाले. घरधन्यांची भाकर पोचायला उशीर झाला. त्यांनी करवंदं खाल्ली म्हणे. आषाढात करवंदं कुठली, देव जाणे.

हिशेब साफ आहे. मी कुणाच्या अंगावर नाही, कुणी माझ्या अंगावर नाही.

आषाढ शुद्ध ८, मंगळवार

पुन्हा तेच. आज गोदूआजीच्या शेतात. वाटेकडचा पट्टा. गावाच्या बायांना झालंय तरी काय? गेल्या वर्षी एवढ्या वाईट नव्हत्या. मी नसले की सगळं ढिलं पडतं, हे बरीक सिद्ध झालं. दिवस मावळेपर्यंत लावून दिलं. भाकर खाल्ली नाही. आजी चटणी घेऊन मागे आली, तीही घेतली नाही. कंबर दुखते आहे. लिहवत नाही.

आषाढी एकादशी, शुक्रवार

उपास होता. आज हिरीच्या शेतात लावणी.

मी जाणारच नव्हते. पण बैल पाण्यावर न्यायचे होते आणि घरधनी म्हणाले खालच्या वाटेनं ने. हिरीचं शेत म्हणजे काय सांगू. आम्ही दोघी एकाच वर्षी लग्न होऊन ह्या गावात आलो. लावणीत तिचा हात असा की पाण्याखाली चूड ठेवली की हलत नाही, म्हैस गेली तरी हलत नाही. मीही तिच्याच बाजूला उभी राहून शिकले. हे तिला कधी सांगितलं नाही, सांगणारही नाही. आणि आज बघते तर तिच्याच हातची रोपं तरंगतायत. तिच्या!

मला राग नाही आला. मी बैल बांधले आणि तिच्याजवळ गेले. वर्षभरात पहिल्यांदा नावानं हाक मारली.

"हिरे, अगो काय हे?"

ती डोळ्यांवर हात धरून म्हणाली, "दिसत नाय गो नीट हल्ली. पान्यावर उजेड पडला की नुसतं चमकतं."

बाईचे डोळे गेले. आणि मला शेजारी राहून माहीत नाही. एवढी मोठी बातमी कुणी सांगत नाही, भलत्या गाण्यांना मात्र वेळ आहे. मी म्हटलं, "सरक तिकडं. माझ्या बाजूला उभी राहा, माझ्या हाताचा अंदाज घे." मग दिवसभर तिच्या शेजारची पात, म्हणजे लावणीची रांग, धरली. आतल्या बाजूला, बांधापलीकडं, तिचं काम बरं होतं. वाटेकडेच सगळा घोळ. तिकडे उजेड जास्त पडत असेल.

दुपारी ती म्हणाली, "भाकर खातेस?" मी म्हटलं, "उपास हाय." म्हणाली, "मग रताळं खा." म्हटलं, "रताळं खाल्लं तरी सावडच." ती म्हणाली, "तू काय खाल्लं नाय तर आमचं काय होईल, ठावं हाय का?" मी म्हटलं, "काय होईल?" म्हणाली, "काय नाय. उपास कर तू."

ती वेडगळासारखं बोलते कधी कधी. वयानं होत असेल. ती माझ्याच वयाची आहे.

आषाढ पौर्णिमा, मंगळवार

आमची लावणी सुरू केली. घरधनी चिखल करतात, मी रोप काढते, मूठमूठ रोपाचे मुठे बांधते, वाहून नेते आणि लावते. सकाळी वाटलं होतं की राणीसारखं काम आहे. कुणाला सांगायला नको, कुणाचं ऐकायला नको. माझं शेत, माझा हात.

संध्याकाळी वर बघितलं तर दिवसभरात लावलेलं एवढंसं. पाच घरांच्या बाया असत्या तर एवढं सकाळच्या न्याहारीच्या आत झालं असतं. आणि एक गोष्ट लिहून ठेवते, कारण खरी आहे. एकटीनं लावताना तोंडच चालत नाही. कुणाला ओरडणार? मी एकदा स्वतःलाच ओरडले, "हात चालव." घरधन्यांनी लांबून विचारलं, "काय म्हनलीस?" मी म्हटलं, "तुमाला नाय."

आषाढ वद्य ३, शुक्रवार

घरधन्यांचा पाय गेला. मोडला नाही, पण औत वळवताना फाळ पायावर आला आणि घोट्याच्या खाली चांगलंच कापलं. चिखल आत गेला असणार. मी हळद भरली, फडकं बांधलं. ते पडवीत बसले आहेत, तोंडावर काही दाखवत नाहीत. विचारलं, "दुखतं का?" म्हणाले, "बरं हाय." ह्या माणसाचं "बरं" मी आता ओळखते. हे बरं ते बरं नव्हे.

बैल दावणीला उभे. औत शेतात. आणि रोप? रोप बघून आले. गुडघ्यापर्यंत गेलंय. पानांची टोकं पिवळी पडायला लागलीत. एक काडी उपटून नखानं सोलली. आत पेर धरायला लागलंय. गोदूआजी बरोबर बोलली होती, हे लिहायला मला अजिबात आवडत नाही.

हे रोप गेलं तर दुसरं नाही. वर्षभराचा भात ह्या हिरव्या तुकड्यात उभा आहे आणि मी बांधावर उभी. माझे हात आहेत. दोनच आहेत.

आषाढ वद्य ४, शनिवार

घरधन्यांना काल रात्री ताप भरला. सकाळपासून चुलीत विटा तापवून फडक्यात गुंडाळून पाय शेकते आहे. चूल एकदाही विझू दिली नाही. ताप उतरला आता, पेज प्याले.

दुपारी मी हिरीच्या घरी विस्तव आणायला गेले.

ती दारात तांदूळ पाखडत बसली होती. मी म्हटलं, "विस्तव हाय का?" तिनं सूप ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. मग आमच्या घराकडे बघितलं. आमच्या छपरातून भसाभस धूर निघत होता. ती आत गेली, करवंटीत दोन निखारे घालून आणले, वर राख घातली आणि माझ्या हातात दिले. म्हणाली, "जपून ने. वारा हाय."

मी उभी राहिले. म्हटलं, "तुझ्या डोळ्याचं काय?"

म्हणाली, "तसंच हाय. राघोभावजींचा पाय?"

"बरा हाय. रोप जरा उंच झालंय."

"हां."

"पिवळं पडतंय थोडं."

"हां."

"बरं, जाते मी."

"जा गो. निखारा विझंल."

एवढंच. घरी आले आणि निखारे चुलीतच टाकले, दुसरीकडे कुठे टाकणार? घरधनी पडवीतून बघत होते. म्हणाले, "आनलास विस्तव?" मी म्हटलं, "आनला." म्हणाले, "बरं केलंस." आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. त्यांचे खांदे हलत होते. ताप परत येतोय की काय म्हणून हात लावून बघितला, तर अंग गार.

आषाढ वद्य ५, रविवार

आज काय झालं ते नीट क्रमानं लिहिते, नाहीतर मलाच नंतर खरं वाटणार नाही.

उजाडताना शेतावर गेले. ठरवलं होतं की जेवढं होईल तेवढं लावायचं, बाकी गुरांना घालायचं. खालच्या वाटेनं वळले आणि आमच्या खाचरात माणसं! बारकूनं आमच्या औताला आपले बैल जुंपलेले. तो पुढच्या खाचरात चिखल करतोय. बाया राबात बसून रोप काढतायत, मुठे बांधून फेकतायत. गोदूआजी बांधावर इरल्याखाली बसलेली, जशी काही तीच मालकीण.

मी ओरडले, "कुनी बोलावलं तुमाला?"

कुणी वर बघितलं नाही. मी अजून मोठ्यानं ओरडले. तेव्हा गोदूआजी म्हणाली, "ठमे, ओरडू नको, बैल बिचकतात."

"मी सावड मोडली हाय! सांगितलं व्हतं विहिरीवर!"

"तू मोडलीस. आमच्या अंगावर तुझी हाय ती कुनी फेडायची?"

"माझी कुठली? मी कुनाच्या घरची भाकर खाल्ली?"

"हेच तर!" म्हातारी काठी आपटून उठली. "बारकूच्या शेतात लावलंस आनि न खाता गेलीस. माझ्या शेतात लावलंस, चटनीला बोट लावलं नाय. हिरीकडं उपाशी लावलंस. जेवली असतीस तर अर्धं फिटलं असतं. उपाशी बाईची सावड डोक्यावर ठेवून आमी आषाढ काढायचा व्हय? आमच्या घरात भात शिजंल का?"

मी भाकर खाल्ली नाही ती हिशेब साफ राहावा म्हणून. आणि ह्यांनी हिशेब उलट्या बाजूनं धरलेला. पण आजीचं बोलणं खोटं म्हणता येईना. आमच्या आईच्या शेतातही न जेवता गेलेल्या बाईच्या मागे भाकर देऊन माणूस पाठवायचे. हे मला ठाऊक होतं आणि आठवलं नाही.

"मी शिकवाया गेले व्हते," मी म्हटलं.

"मग आता आमी शिकलो ते बघ," हिरी म्हणाली. तिनं लुगडं खोचलं होतं आणि मुठा सोडत होती. "का हितं उभी ऱ्हानार धोंड्यासारखी?"

उतरले.

आता जे बघितलं ते लिहिते. पारू माझ्या उजव्या हाताला होती. चार काड्यांची चूड, अंगठा खाली, बोटभर खोल. एक रोप तरंगलं नाही. पलीकडे तिची सासू, तसंच. हिरी तर काय! पाण्याखाली हात जातोय आणि येतोय. अंतर असं, जणू कुणी दोरी धरली आहे. मी नुसती बघत राहिले. एवढ्या थोड्या दिवसांत एवढा फरक! ओरडलं की माणूस शिकतो. गोड बोलून कुणी शिकत नाही. हे मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणून टाकलं.

पारूला हसू फुटलं. म्हणाली, "काकू, आता वाटेकडच्या चुडी तरी घट्ट लावू ना? की तिथं..."

"पारू!" हिरी ओरडली. "चूड लाव. तोंड मिट."

पोरगी भोळी आहे. काय विचारावं तेही कळत नाही. वाटेकडची चूड घट्ट नाही तर काय सैल लावणार?

पण कामाला गती येईना. कारण कुणी गात नव्हतं. चिखलाचा चपचप आवाज आणि वर पाऊस. बाया माझ्याकडे बघायच्या आणि पुन्हा खाली. हिरी तर ओठ घट्ट मिटून लावत होती. गाण्याशिवाय हात जडावतात, हे कुणालाही ठाऊक आहे. मी थोडा वेळ वाट बघितली. मग माझं डोकं तापलं. म्हटलं, "कुनाचं सुतक हाय का आज? गा की गो!"

कुणी गाईना.

तेव्हा नाइलाज झाला. मीच सुरू केलं. माझा आवाज काही गोड नाही, पण मोठा आहे. दुसरं गाणं त्या घटकेला आठवेना, म्हणून तेच म्हटलं:

ठमीच्या शेतात लावणी हाय,
चिखल मऊ गो, मालकीण नाय!

मग गोदूआजी बांधावर अशी हसायला लागली की तिचं इरलं पडलं. आणि मग सगळ्यांनी उचललं. बारकूनं औतामागून हाळी दिली. हिरी गात होती आणि मधूनच पदरानं तोंड पुसत होती. पावसाचं पाणी डोळ्यांत जात असेल. दुखरे डोळे.

मी फक्त कामाला गती यावी म्हणून म्हटलं. गती आली.

दुपारी हिरी लांबच्या बांधावरून ओरडली, "ठमे, तुझ्या पोटरीला जळू!" बघते तर खरंच, शेंगेएवढी जळू, चिखलानं माखलेली. मला जवळून दिसली नाही ती हिला तिकडून दिसली. डोळ्यांच्या रोगाचं काही कळत नाही.

आषाढ वद्य ७, मंगळवार

लावणी संपली.

शेवटच्या खाचरातला शेवटचा मुठा हिरीनं माझ्या हातात दिला आणि मी लावून कमरेत सरळ होतेय तोवर पाठीत चिखलाचा गोळा बसला. पारू! मी पकडायला धावले तर समोरून तिच्या सासूनं. मग सगळ्यांनी. मालकिणीला शेवटच्या दिवशी माखायचं ही रीतच आहे, पण एवढं नसतं. नाकात गेला. गेल्या वर्षी मला कुणी हात लावला नव्हता. त्याचं मला वाईट वाटलं होतं, आज आठवलं.

मग सगळ्या आमच्या घरी जेवायला. मी आधीच सांगून ठेवलं, पोटभर खायचं, कुणाची काही बाकी ठेवायची नाही. नाचणीच्या भाकरी, सुकटीची चटणी, टाकळ्याची भाजी. सरपण ओलं होतं, पेटेना. हाताशी ही वही होती. पहिलं पान फाडून चुलीत सारलं, लगेच जाळ धरला. त्यावर काय लिहिलं होतं ते आता नीट आठवतही नाही. काहीतरी ताठ राहण्याबद्दल होतं. दिवसभर वाकून लावणी करणाऱ्या बाईनं असलं कशाला लिहावं?

घरधनी पडवीत पाय लांब करून बसले होते. बाया जेवून निघाल्या तेव्हा हिरी त्यांच्याजवळ थांबली. ती हळू म्हणाली, "भावजी, वाट बरी सांगितलीत." हे म्हणाले, "बरं." मी विचारलं, "कसली वाट?" दोघं म्हणाली, "खालची." हो, खालची वाट चांगलीच आहे. वरची रुतते.

कार्तिक शुद्ध ११, गुरुवार

मध्ये लिहिलं नाही. बोलायला माणसं होती.

भात घरात आला. आमच्या शेतात यंदा लोंब्या अशा भरल्या की बांधावर टेकल्या. एक तुकडा तेवढा विरळ निघाला, पौर्णिमेपासून मी एकटीनं लावलेला. माझं चुकलं नव्हतं. दोन हातांचं काम तेवढंच होतं.

सकाळी शहापूरच्या बाजारात हिरीबरोबर गेले. तिला म्हटलं होतं की तिथल्या डॉक्टरला डोळे दाखवू. ती म्हणाली आधी बाजार करू. मग म्हणाली ऊन झालं. मग म्हणाली पुढच्या बाजाराला बघू. सुईत दोरा ओवून दाखव म्हटलं, तर म्हणाली तुझ्यासमोर माझा हात थरथरतो. हट्टी बाई आहे. माझं ऐकेल तर शपथ.

आत्ता तिन्हीसांजेला ती आमच्या पडवीत बसली आहे. माझ्या नव्या तांदळातले खडे वेचते. दिवा लावते म्हटलं तर नको म्हणाली. अंधारात बोटांनीच बरोबर खडा काढते, एक तांदूळ वाया जात नाही. ज्यांचे डोळे जातात त्यांची बोटं हुशार होतात म्हणतात, तसंच असेल. घरधनी तिच्याकडे बघून उगीच हसतायत. पाय बरा झाल्यापासून हा माणूस कशालाही हसतो.

मी ठरवलं आहे. पुढच्या वर्षी हिरीच्या शेतात वाटेकडची पात मीच धरणार, पहिल्या दिवसापासून. बाईला दिसत नाही, तिच्यानं काय होणार? ती बोलवो न बोलवो. आणि दुपारी तिथेच जेवणार.